सिद्धेश्वर देव की गाडी? कॅपा ०.३२ वर अडलाय

काल रात्री आकडा आला आणि जेवणावरची वासनाच उडाली. दादा आणि मी, दोघांनी राजकीय भाषणांतली, ‘सिद्धेश्वर’ असलेली तीच ५० वाक्यं एकमेकांना न दाखवता तपासली होती. शिक्का एकच, ‘धार्मिक’ किंवा ‘नाही’. ४० जुळली. ८० टक्के म्हणून खूश झालो, मग कोहेनचा कॅपा (योगायोगानं जुळण्याचा भाग वजा करून सहमती मोजणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण सहमती) काढला तर ०.३२. दोघांनीही ४१-४१ वाक्यांवर ‘धार्मिक’ मारलं होतं. त्याच प्रमाणात डोळे मिटून शिक्के मारले असते तरी सत्तरएक टक्के जुळलेच असते.

घोळ जवळजवळ सगळा ‘सिद्धेश्वर’चा. सोलापुरात तो देव आहे, तलाव आहे, मुंबईची गाडी आहे, साखर कारखाना आहे, बाजार समितीही आहे. ॲंटकॉन्कमध्ये (मजकुरातला शब्द मागच्यापुढच्या शब्दांसह रांगेत दाखवणारं सॉफ्टवेअर) शोधलं की सगळे एकाच रांगेत येतात. (मात्रांवर शब्द तुटत होते ते जमलं. टोकन डेफिनिशनमध्ये ‘मार्क’ची खूण करा. फुकटात एवढं चांगलं साधन दुसरं नाही.)

रांग चाळताना पहाटे दोनला एक गोष्ट दिसली आणि अक्षरशः उठून उभा राहिलो. गाडीला आपण ‘सिद्धेश्वरनं आलो’ म्हणतो, कारखान्याला ‘सिद्धेश्वरची चिमणी’. देवाला मात्र ‘सिद्धेश्वरांच्या चरणी’, ‘सिद्धेश्वराला साकडं’. देवाचं सामान्यरूप होतं, गाडीचं होत नाही! म्हणजे ‘सिद्धेश्वरा*’ शोधलं की देव बराचसा वेगळा निघतो. ‘सिद्धेश्वर महाराज’ तेवढा वेगळा शोधायचा.

सकाळी दादाला दाखवलं. तो २०२३ मध्ये पाडलेल्या चिमणीच्या वाक्यावर अडला. “अरे, नुसतं ‘कारखान्याची चिमणी’ म्हणता आलं असतं की. नाव का घेतलं?” त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

म्हणून दोन शिक्क्यांची पद्धत बंद. आता तीन: नाव, नमन, साक्ष. नुसता उल्लेख असेल तर नाव. सुरुवातीचं ‘पावन भूमीत’ हे नमन. देवाला पुढे करून मुद्दा पटवला की साक्ष. मत मागितलं का, याचा रकाना वेगळा. धर्माच्या नावावर मत मागण्याला मनाई करणाऱ्या, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मधल्या ‘त्याचा धर्म’ यातला ‘त्याचा’ म्हणजे कोणाचा, यावर २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचं सात जणांचं खंडपीठ ४ विरुद्ध ३ असं विभागलं होतं. तो वाद आमच्या शिक्क्यांत मिसळायचा नाही.

आवाजावरून आपोआप मजकूर उतरवणारं ते ॲप मात्र सोडलं. ‘बोला हर्र’चं त्यानं सगळीकडे ‘बोला हर’ केलंय आणि गर्दीचा प्रतिसाद गाळलाय. गड्ड्याची (सिद्धेश्वराच्या यात्रेची) ही घोषणा अर्धी वक्ता देतो, उरलेली लोक पुरी करतात. हे लिहिताना सुचतंय, लोकांच्या उत्तरालाही रकाना हवा. म्हणजे सगळी ध्वनिफीत पुन्हा ऐकणं आलं.

रविवारी तीच ५० वाक्यं, तीन शिक्क्यांनी. दादा आधी, मी नंतर.