चार बोटं दुमड

दुपारी माशांच्या टाकीचं पाणी बदलत होतो. बादली उचलायला वाकलो आणि लक्षात आलं की त्यातल्या व्हेनस्टस माशाला वळता येत नाहीये. म्हणजे वळतो, पण अरुंद बोळात गाडी वळवावी तसा: थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. टाकी फूटभर रुंद, त्यात मागच्या बाजूला दगड रचलेले. शेपूट दगडाला, तोंड काचेला.

आणला तेव्हा दोन बोटं होता. पिवळसर अंगावर जिराफासारखे तपकिरी डाग. दुकानदाराने आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला मासा म्हणून दिला. "कितीसा वाढेल?" असं मी विचारलंही होतं. उत्तर मिळालं, "टाकीएवढाच." मी खूश झालो. खोटं इतकं सोयीचं असलं की त्याला उलट प्रश्न विचारवत नाही.

टाकी बघून मासा वाढत नाही. लहान टाकीत घाण साचते, तिच्यातून होणारं नायट्रेट चढतं, आणि त्या पाण्यात त्याची वाढ खुंटते. त्याला आपण 'टाकीत मावला' म्हणतो. उलट दगडांवर दिवसभर खाणं शोधत जगणारा म्बुना (मलावीतला दगडांत राहणारा मासा) घरात आला की दोन वेळच्या आयत्या दाण्यांवर अंग धरतो. येलो लॅब त्यातलाच; सरोवरात आठ-दहा सेंटीमीटरवर थांबतो, टाकीत बारापर्यंत जातो.

हे आकडे मी पुस्तकासारखे सांगतोय, पण माझ्या डोक्यात सेंटीमीटर शिरत नाहीत. मी मासे बोटांनी मोजतो. डेमासोनी, हाही म्बुनाच, चार बोटं. येलो लॅब पाच. व्हेनस्टस एक वीत, वर दोन बोटं. फ्रंटोसा दीड वीत, पण तिथवर पोचायला वर्षानुवर्षं घेतो, आणि वीस वर्षं जगून दाखवतो. टांगानिका सरोवराने तर कमालच केलीय. शंखात घर करणारे मल्टी तिथलेच, त्यांची मादी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. आणि त्याच पाण्यात बुलेंजरोक्रोमिस, जवळजवळ दोन हात लांब. दोघंही सिक्लिडच, म्हणजे या सगळ्या माशांच्या एकाच कुळातले. एकाला शंखांच्या गठ्ठ्यात अख्खं गाव वसवता येतं, दुसऱ्याला आमची बैठकीची खोलीसुद्धा पुरणार नाही.

ही बोटांची सवय आईची. शाळेची पँट शिवून आणली की ती आधी उलटी करून बघायची. आत चार बोटं दुमड सोडलेली हवी. कमी भरली तर पँट परत जायची. जून उजाडला की ती एक टाका उसवायची, दुमड खाली घ्यायची, आणि पँटच्या खालच्या कडेवर एक गडद पट्टी उमटायची: दुमडीत राहिल्यामुळे वर्षभर ऊन न लागलेला कपडा. त्या पट्टीची मला भयंकर लाज वाटे. वर्गात ज्याच्या पँटला दोन पट्ट्या तो थोरल्या भावाची पँट घालतो हे सगळ्यांना कळायचं. माझ्या पँटला दोन पट्ट्या असत, आणि मला थोरला भाऊ नव्हता. मी नुसताच वाढत होतो.

टाकीला दुमड नसते. काच उसवता येत नाही. (हे वाक्य सुचल्यावर मला फार आनंद झाला होता, आता लिहिल्यावर तितकंसं वाटत नाही.)

तर व्हेनस्टस. तोंड निळं व्हायला लागलं, कपाळावर पिवळा पट्टा चढला, तेव्हा कळलं नर आहे, म्हणजे अजून वाढणार. याचा चुलतभाऊ लिव्हिंगस्टोनी वाळूवर मेल्याचं सोंग घेऊन पडतो आणि चौकशीला आलेली पिल्लं गिळतो. आमच्याकडे सोंगाचीही गरज पडली नाही. एके सकाळी दोन डेमासोनी मोजणीत कमी भरले. झाकण नीट होतं. मी फिल्टरमध्येसुद्धा शोधलं. व्हेनस्टस कोपऱ्यात शांत उभा होता, एरवीपेक्षा जरा जास्तच शांत.

आज म्हटलं एकदा मोजूनच टाकू. फूटपट्टी काचेला लावली. पण मासा मोजणं सोपं नाही. पुस्तकवाले शेपूट सोडून मोजतात, पाळणारे शेपटीसकट. त्यात मासा काचेपासून मागे सरकला की पाण्यामुळे आहे त्याहून जवळ आणि मोठा दिसतो. आणि हा तर सरळ पट्टीवरच चाल करून आला. एकवीस म्हणावं की तेवीस?

आई मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. "पट्टी काय लावतोस? इकडे हो," म्हणाली आणि तिने काचेवर वीत टेकवली. अंगठा त्याच्या तोंडाशी, करंगळी ताणून ताणून शेपटीकडे. पोचेना. मासा दोन बोटं बाहेर.

"वीतभराहून मोठा झालाय की रे."

मग मी माझी वीत लावली. मासा वितीत बसला, वर थोडी जागाही उरली. लहानपणी तिची वीत माझ्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पोचायची.

सहा फुटी टाकी घ्यायची तर सोफा हलवावा लागेल.