तुम्ही विचारलंत म्हणून: मामांचा बिलांचा डबा

कर चांगला की वाईट हे ठरवताना तुम्ही अर्थशास्त्रवाले, सामान्य लोकांना विचारता तरी का? लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, निवृत्तीनंतर तर भाजी घेतानाही हे ऐकलंय. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, कबुली हवी असते. तर घ्या: 2013 मध्ये मी विचारलं नव्हतं.

1 एप्रिलला पुण्यातली जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर भरायचा कर, गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. जकातीबद्दल मला आजही काडीचं प्रेम नाही. नाक्यावर ट्रकांच्या रांगा, सगळा रोखीचा मामला. त्याऐवजी शहरात आणलेल्या मालाचा हिशेब व्यापाऱ्यानेच ठेवून कर भरायचा, यात न पटण्यासारखं काय होतं? कर किमतीत मुरायचा तो एलबीटीतही मुरणार होताच, पण निदान नाका तरी उठत होता. एलबीटीच्या विरोधात व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली तेव्हा मी वर्गात शिकवताना म्हणाले, "झळ बसते तो ओरडतो. ओरडा म्हणजे युक्तिवाद नव्हे." मुलांनी वहीत उतरवून घेतलं, आणि मला बरं वाटलं. आता ते आठवलं की कान गरम होतात.

त्याच बंदमध्ये मामांकडे गेले. रविवार पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. भर बुधवारी घरात बसायची सवय नसलेला माणूस, काय करावं ते सुचत नव्हतं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे उपडा केला. सगळी खरेदीची बिलं, काहींवर तेलाचे डाग, एकावर कुणाचा तरी फोन नंबर.

"अगं, नाक्यावर ट्रकवाला भरायचा, मी त्याला द्यायचो, विषय संपला. आता ही लावायला माणूस ठेवू? त्याचा पगार महापालिका देणार? आणि तपासायला आलेला साहेब उद्या गल्ल्याशेजारी येऊन बसला, तर त्याला ऊठ कसं म्हणू?"

माझ्या हिशेबात त्या माणसाचा पगार शून्य होता. साहेब तर नव्हताच.

मी मुकाट्याने बिलं तारखेप्रमाणे लावायला घेतली. तासाभराने लक्षात आलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरचं जवळजवळ काहीच नाही.

"मामा, दिवाळीच्या मालाची बिलं?"

मामा चहाचं सांगायला आत गेले.

आता सांगा, मामांच्या मताला किती वजन देऊ? कारकुनाचा पगार खरा, साहेबाची भीती खरी, आणि डब्यात नसलेली बिलंही खरीच. लोकांचं ऐका म्हणणाऱ्यांना ही तिन्ही वेगळी काढता येतात का? मला त्या दिवशी आली नाहीत, अजूनही येत नाहीत.

1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. लोकमत जिंकलं म्हणे. पण महापालिकांचं बुडालेलं उत्पन्न राज्याने अनुदानातून भरून द्यायचं ठरलं, म्हणजे ते सगळ्यांच्याच करातून. ओढायला शटर नसलेल्यांना कुणी विचारलं होतं? (हे लिहिताना मी पुन्हा 2013 मधलीच बाई होतेय, कळतंय मला.)

पुढे मामेभावाने फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्काच्या हिशेबात एक टक्का एलबीटी म्हणून लावलेला. त्याने मला फोन केला, "ताई, हा तर आपण बंद पाडला होता ना?"

मागून मामांचा आवाज आला, "तिला कशाला विचारतोस?"