मोड आहे का?

दुपारचे तीन. भाजीवालीच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली मटकी. गिऱ्हाइकानं पाव किलो घेतली, तीस रुपये झाले आणि त्यानं पाचशेची नोट पुढे केली. "मटकीलाच तेवढे मोड आहेत, माझ्याकडं नाही," ती म्हणाली आणि टोपलीला टेकवलेल्या क्यूआरच्या पुठ्ठ्याकडं बोट दाखवून मोकळी झाली.

मोड हा शब्द हल्ली कानावर येईनासा झालाय. सुट्टे आहेत, चिल्लर आहे, कुठं कुठं खुर्दाही आहे. पण मोड म्हटलं की आधी बंदी, म्हणजे अख्खी, नोट डोळ्यांपुढं येते. ती मोडायची म्हणजे जिवावर येतं. खिशात पाचशेची एकच असली की माणूस पंधरा रुपयांचा चहा टाळतो. नोट एकदा मोडली की दहा-वीसच्या कुठं गेल्या याचा हिशेब लागत नाही, हे ज्याला-त्याला ठाऊक असतं. कार्ड काही मोडत नाही. सत्तावीस रुपये गेले काय नि सत्तावीसशे गेले काय, ते होतं तसं गुळगुळीत पाकिटात परत.

मोडीबरोबर तिची आकडेमोडही चालली. बिल दोनशे सत्तर, हातात पाचशेची नोट. वर वीस दिले की दुकानदार अडीचशे परत करतो, दोनशेची एक आणि पन्नासची एक, काम फत्ते. हे जुन्या माणसाच्या बोटांना येतं, डोक्याला विचारावं लागत नाही. कॉलेजातल्या पोराला वरचे वीस कशाला द्यायचे हे समजावून सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी तो संशयानंच बघतो.

एसटीत तर मोडीवर नाती जुळायची. कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बॉलपेननं '१३' लिहायचा, त्याभोवती गोल काढायचा आणि म्हणायचा, "उतरताना घ्या." झालं, त्या माणसाची झोप गेली. कंडक्टर मागं गेला की मान मागं, पुढं आला की मान पुढं. त्याहून वाईट म्हणजे दोन अनोळखी प्रवाशांत मिळून एक वीसची नोट आणि "दोघं वाटून घ्या." मग स्टँडवर दोघंही नोटेवरची नजर न काढता रसवंतीगृहाकडं निघालेले, मोड करायला.

सुट्टे बाळगणं ही एक शिस्त आहे. पाच दहाच्या, तीन वीसच्या, दोन पन्नासच्या, एवढं वरच्या खिशात; शंभरापासून पुढच्या आत. रिक्षावाल्यासमोर आतलं पाकीट काढायचं नाही. एटीएमला पाचशे मागितले की एकच नोट हातात पडते, म्हणून चारशे मागायचे; हजाराऐवजी नऊशे. यंत्रात शंभर-दोनशेचा कप्पाच रिकामा असेल तर मात्र इलाज नाही. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलं, की ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. म्हणजे मोडीचं दुखणं पार वरपर्यंत पोचलं म्हणायचं.

फाटकी नोट दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची आपल्याकडं मोठी परंपरा आहे. दोन चांगल्या नोटांच्या मध्ये घालायची, घडी करून द्यायची, अंधार पडल्यावर द्यायची. एवढा खटाटोप कशाला? बँकेत बदलून मिळते. वीसपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून जास्त तुकडा शाबूत असला तर पूर्ण पैसे. पन्नास आणि पुढच्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त असला तर पूर्ण, ४० ते ८० असला तर निम्मे, त्याखाली शून्य. तरी लोक चिकटपट्टी लावून भाजीवालीलाच देतात. जुन्या नोटांच्या पांढऱ्या भागात भोकं दिसतात ती बँकेतल्या पिनांची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं गड्ड्या पिनांनी टोचणं बंद करायला लावलं.

नाणी त्याहून लहरी. दहाचं नाणं "चालत नाही" म्हणणारी गावं आहेत. वरच्या किरणांच्या रेघा दहा की पंधरा, यावरून ते खोटं ठरवतात. दोन्ही खरी आहेत. दहाच्या नाण्याचे चौदा नमुने चालू असल्याचं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच जाहीर केलं, पण पानटपरीवर ते पत्रक कोण वाचणार? सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण दिसली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. नोट नाशिक रोडच्या छापखान्यातून आलेली असू शकते, आणि यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचं मुख्यालयही मुंबईतच. रोख काय नि मोबाइल काय, भांडण घरातलंच.

बरं, किराणावाल्याकडं क्यूआर असतो पण कार्डाचं यंत्र का नसतं? यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर लहान दुकानदाराचे शंभरामागे चाळीस पैशांपर्यंत जातात, मोठ्याचे नव्वदपर्यंत, क्रेडिट कार्डावर त्याहून जास्त. वर यंत्राचं भाडं. साखरेच्या किलोमागं त्याला काय सुटतं ते बघितलं की त्याचा राग येत नाही. कार्ड वापरणाऱ्यानं मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नुसतं टेकवून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात, त्यामुळे ती सोय नको असेल तर बँकेच्या ॲपमधून बंद करावी. आणि यंत्रातून निघालेली पावती उष्णतेनं छापल्या जाणाऱ्या कागदावरची असते, काही महिन्यांत कोरी होते. मिक्सरच्या हमीसाठी ती जपून ठेवणारे पुढं कोराच कागद घेऊन दुकानात उभे राहतात.

यूपीआय अडकला की मात्र रोखीची आठवण येते. खात्यातून गेले, समोरच्या डब्यातून आवाज नाही. मागं रांग. दुकानदार चेहऱ्याकडं बघतोय, आपण त्या फिरणाऱ्या चकतीकडं. अशा वेळी बारा आकडी व्यवहार क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. दुकानदाराला न पोचलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत; त्यापुढं दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे सगळं खरं, पण त्या क्षणी वरच्या खिशातली वीसची नोट जास्त खरी वाटते.

भवानीचं काय, हाही एक प्रश्नच. सकाळची पहिली नोट भाजीवाली तराजूला लावते, कपाळाला लावते. पहिलं गिऱ्हाईक स्कॅन करून गेलं तर कपाळाला काय लावायचं?

८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या त्या आठवड्यांत घराघरांत साड्यांच्या घड्यांतून, तांदळाच्या डब्यांतून, देव्हाऱ्यातल्या पोथीतून पाचशे-हजाराच्या नोटा बाहेर आल्या. भाजीतून वाचवलेल्या, माहेरी जाताना आईनं मुठीत कोंबलेल्या, पुरुषांना ठाऊक नसलेल्या. रांगेत उभं राहून भरायच्या म्हणजे आधी कुणाला तरी सांगायला लागल्या. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. "आई तर सावकार निघाली!"

आता तिचं खातं आहे, कार्ड आहे. खात्याला जोडलेला नंबर मुलाचा. तिनं ब्लाउजपीस घेतलं की तिकडं मेसेज वाजतो आणि संध्याकाळी तो विचारतो, "आई, अडीचशे कुठं गेले गं?" काळजीनंच विचारतो.

तूरडाळीच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, शंभराच्या चार नोटा आहेत.