साहेब बंदोबस्ताला गेलेत

खानापूरहून रात्री घरी येताना दादाला वाटेत अडवून अनोळखी पोरांनी मारलं आणि मोबाईल, पैसे काढून नेले. डोक्याचं ऑपरेशन झालं, डावा हात अजून नीट चालत नाही. चोर सापडलेच नाहीत. गावात सगळे म्हणाले, आता कसली केस नि कसली भरपाई! पण आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी जखमीला सरकारकडे भरपाई मागता येते. कर्नाटकात २०११ पासून त्यासाठी योजना आहे. आता ती तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३९६ मध्ये आलीय. अर्ज बेळगावच्या जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणात द्यायचा. ते काम सोपं होतं.

खरं घोडं पेंड खाल्लं ते पोलिसांच्या रिपोर्टवर. प्राधिकरणानं तो मागवला होता. स्टेशनात गेलं की एकच उत्तर, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." १ नोव्हेंबर जवळ आलेला. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आपला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, पोलीस दोन्हीकडे. म्हटलं, होऊ दे. मग डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन लागलं, झालं, परत बंदोबस्त! दादाची फाईल रायटरच्या, म्हणजे स्टेशनातल्या लिहिणाऱ्या पोलिसाच्या, टेबलावर मला डोळ्यांनी दिसत होती, वर चहाच्या कपाचा गोल डाग. वहिनी म्हणायची, "वन्सं, सोडा आता." मी कसली सोडते!

शेवटी प्राधिकरणातल्या एका स्वयंसेवक बाईंनी सांगितलं, प्राधिकरणानं चौकशी दोन महिन्यांत संपवावी असं कायद्यातच आहे, तसं इथं लेखी द्या आणि पोलिसांना स्मरणपत्र पाठवायला सांगा. दिलं, पोच घेतली. स्मरणपत्राची झेरॉक्स रायटरपुढे ठेवली, तेव्हा उभ्याउभ्या रिपोर्ट निघाला. अर्धं पान! त्यासाठी दोन सण आणि एक अधिवेशन.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, पैसे देऊ नका. वुंड सर्टिफिकेट, म्हणजे जखमांचा दाखला, डिस्चार्जच्याच वेळी मागून घ्या, नंतर दवाखान्यात कोणी ओळख देत नाही. पोच तर प्रत्येक कागदाची, शिक्क्यासकट. वाट कळली नाही तर १५१०० ला फोन लावा, कायदे सेवेची हेल्पलाईन आहे.

पैसे दादाच्या खात्यात आले. दवाखान्याचं बिल त्यात भागलं नाही, पण सोसायटीचा हप्ता गेला आणि वहिनीच्या पाटल्या सुटल्या.