गाजर, गजरा, जागर

एका शब्दाची अक्षरं उलटसुलट मांडून दुसरे शब्द शोधायच्या खेळाचा तिसरा आठवडा. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले अक्षरांचे चौकोन कोपऱ्यांशी मऊ पडायला लागलेत, पण एक गोष्ट मार्गी लागली: काना सुटा करायचा.

आधी मी 'गा' हे एकच अक्षर धरायचो. त्यातही मजा होतीच. मालक-कमाल-कलमा, मकर-रकम-कमर, हजर-जहर, वडा-डाव, चहा-हाच. वाल्या कोळ्याच्या 'मरा मरा'चं 'राम राम' झालं तेही याच नियमात बसतं. पण गा, ज, र घेऊन अर्धा तास बसलो, गाजराचं गाजरच राहिलं.

मग कान्याला स्वतःचा चौकोन दिला. ग, ज, र आणि एक काना. चार चौकोनांच्या मांडण्या 24. त्यातल्या 6 मध्ये काना पहिला येतो, त्या बाद. उरलेल्या 18 वहीत लिहायला घेतल्या. गाजर, गजरा, जागर लगेच दिसले. चारही चौकोन वापरायची सक्ती सोडली तर रांगच लागली: राग, गरा, राज, जरा, रजा, जाग, गाज, गार, गजर, गरज. मी तिनावर खूश होऊन उरलेल्या मांडण्या सोडून दिल्या. आई भाजी निवडता निवडता वहीत डोकावली.

"गरजा राहिलं की रे."

"अनेकवचन आहे ते."

"मग? गरज तूच लिहिलंयस, काना हातात उरलाय."

धरलं. (18 लिहायचे म्हणजे 18 लिहायचे, हा धडा मी दर आठवड्याला नव्याने घेतो.)

वहीत आता किल्ली लिहितो. शब्द सुटा करून तुकडे वर्णमालेच्या क्रमाने लावायचे, काना-मात्रा शेवटी. गजऱ्याची किल्ली आणि गाजराची किल्ली एकच येते. नवा शब्द आला की फक्त किल्ली जुळवायची. संगणकावर हे आणखी सोपं, कारण युनिकोड काना-वेलांटी सुटीच साठवतं. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराआधी, पण साठते नंतर. ऱ्हस्व आणि दीर्घ मी वेगळ्या धरतो. त्यामुळे नदीची जोडी दीनशी जमते, दिनशी नाही. दोन्ही एक धरणारेही भेटतात. मला ते पचत नाही.

जोडाक्षरांचं अजून घोंगडं भिजत पडलंय.

प्रत्येक तुकड्याचे दोनच चौकोन केले होते, कानेच आधी संपले. इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत 'ई' 12 का, ते तेव्हा कळलं. आता काने आठ.

आज न, व, र आणि काना घेऊन बसलोय. नवरा आणि वानर शेजारीशेजारी आले, त्यावर आई बराच वेळ हसली. तिसराही आहे म्हणते. सांगत मात्र नाही, एवढंच म्हणाली की तो आजोबांच्या पलंगाला विणलेला होता.