मूर्तींना, पाणी आणि दरड

टायपोग्राफी, म्हणजे छापायच्या अक्षरांची घडण आणि मांडणी, शिकायला लागल्यापासून एक शब्द माझ्या डोक्यात घर करून बसलाय, मूर्तींना. अर्थाशी काही देणंघेणं नाही, फक्त त्याच्याकडे बघा. म ला खाली दुसरा उकार, मग त, त्याला दुसरी वेलांटी, वेलांटीच्या टोकाशी रफार आणि रफाराला खेटून अनुस्वार. एकट्या तीं च्या डोक्यावर तीन चिन्हं. आता ह्याच्या बरोब्बर वरच्या ओळीत, नेमकं त्याच जागी, उद्धृत किंवा लट्टू असला काहीतरी शब्द आला की वरचं जोडाक्षर खाली लोंबतं, खालचा रफार वर चढतो आणि दोघं एकमेकांना भिडतात. ही भानगड फाँट करणाऱ्याची की लेआउट, म्हणजे पानाची मांडणी, करणाऱ्याची? मला आता पक्कं वाटतं की दोघांची, आणि म्हणूनच मराठीत अक्षर एका सेमिस्टरला आणि लेआउट दुसऱ्या सेमिस्टरला असं शिकता येत नाही, दोन्ही एकदमच शिकावं लागतं.

मी अप्लाइड आर्टला आहे. सुरुवातीचं टायपोग्राफीचं जवळपास सगळं शिक्षण रोमन लिपीवर होतं आणि ते मला मनापासून आवडलं, सेरिफ सॅन्स सेरिफ (टोकांना पाय असलेली आणि नसलेली अक्षरं), एक्स हाइट (छोट्या एक्सची उंची), बेसलाइन (अक्षरं ज्या रेघेवर उभी राहतात ती), ग्रिड (पानावर आखलेल्या रेघांची जाळी), ट्रेसिंग पेपरवर अक्षरं गिरवून गिरवून त्यांचे बाक हातात बसवणं, ह्यातलं काहीच वाया जात नाही. गोल अक्षर सपाट अक्षरापेक्षा किंचित मोठं काढलं तरच डोळ्याला सारखं दिसतं हे तिथेच कळलं. पण रोमन अक्षर बेसलाइनवर उभं असतं आणि आपलं शिरोरेषेला लटकलेलं असतं, हा फरक ऐकायला छोटा वाटतो आणि कामाला बसलं की सगळीकडे आडवा येतो. एस. व्ही. भागवतांनी १९६१ मध्ये देवनागरीसाठी सात आडव्या रेषा सांगितल्या, सगळ्यात वर रफाराची, मग मात्रेची, मग शिरोरेषा, मग अक्षराच्या पोटातल्या दोन, मग पायाची, आणि सगळ्यात खाली रुकाराची, म्हणजे अक्षराखालच्या चिन्हांची. मी ह्या सात रेषा ग्राफ पेपरवर आखून त्यात मूर्तींना बसवला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की मूळ अक्षराच्या वाट्याला उंचीतला किती कमी भाग येतो.

ह्याचा परिणाम लगेच पॉइंट साइझवर होतो. इंग्रजी १० पॉइंट आणि मराठी १० पॉइंट शेजारी ठेवा, बहुतेक फाँटमध्ये मराठी बारीक दिसतं कारण वरखालच्या चिन्हांसाठी जागा राखून ठेवायची असते. मग साइझ वाढवावा लागतो आणि त्यापाठोपाठ लेडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. इनडिझाइन ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरचं ऑटो लेडिंग १२० टक्के असतं, म्हणजे १० ला १२. मराठी मजकुराला मी ते कधीच तसं ठेवत नाही, १० ला १५ पासून सुरू करते आणि मग फाँट बघून कमीजास्त करते. काही जणांना हे फार सुटं वाटतं, पान भरत नाही म्हणतात. पण दोन ओळींमधली जी पांढरी पट्टी असते ना, आपल्या लिपीत ती पट्टी कोरी नसतेच, वरून उकार आणि खालून वेलांट्या सतत तिच्यात घुसत असतात, त्यामुळे मोजताना १५ दिसलं तरी डोळ्याला मोकळी जागा त्याच्या निम्मीसुद्धा मिळत नाही.

लेआउटमधली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मराठी शब्दांची लांबी, आणि ह्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवूनच लिहितो. विद्यार्थ्यांसाठीच्या. महानगरपालिकेकडूनसुद्धा. हिंदीत हेच तुटक तुटक लिहितात म्हणून त्यांच्या ओळीला श्वास घ्यायला जागा जास्त. आपला असा एक शब्द अरुंद कॉलममध्ये आला आणि मजकूर जस्टिफाय केलेला, म्हणजे दोन्ही कडा सरळ केलेला, असला की तो शब्द खाली ढकलला जातो आणि वरच्या ओळीत उरलेल्या तीन शब्दांमध्ये भगदाडं पडतात. सलग चारपाच ओळींत असं झालं की पानावर वरून खाली पांढऱ्या वाटा दिसायला लागतात. जुन्या छापील मराठी पुस्तकांत ओळीच्या शेवटी शब्द बिनधास्त तोडलेले दिसतात, छोटी आडवी रेघ देऊन, आणि वाचताना अडत नाही. हल्ली ते जवळपास कुणी करत नाही. मला वाटतं करावं. नाहीतर कॉलम तरी रुंद घ्या, नाहीतर उजवी बाजू सरळ मोकळी सोडा, उजवी कड वरखाली झाली म्हणून पान काही वाईट दिसत नाही, उलट शब्दांमधली जागा सगळीकडे सारखी राहते.

सॉफ्टवेअरचं जास्त सांगत नाही, एवढंच की इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी टाकल्यावर पहिली वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षरं फुटली तर पॅराग्राफ सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर निवडा आणि भाषा मराठी करा.

ती भाषा मराठी करणं हे नुसतं स्पेलचेकसाठी नाही बरं का. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, शासन निर्णयातसुद्धा त्यांचं वर्णन असंच केलंय. हिंदी वळणाचा ल दंडाचा असतो. युनिकोडमध्ये दोघांचा नंबर एकच, त्यामुळे कुठलं वळण दिसणार हे फाँटवर आणि त्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं, ज्या फाँटमध्ये ही सोय केलेली असते त्यात मराठी निवडल्याबरोबर सगळे ल आणि श बदलतात. टायरो देवनागरी मराठी हा फाँट तर मराठीसाठी वेगळाच दिलेला आहे, हिंदीचा वेगळा आणि संस्कृतचा वेगळा, तिन्ही फुकट मिळतात, शेजारी शेजारी लावून बघण्यासारखे आहेत. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत आपल्याकडे सर्रास हिंदी वळणाचा ल चालवला जातो आणि मला ते खरंच खुपतं. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकात पोर जे अक्षर गिरवतं तेच त्याला रस्त्यावर दिसायला हवं. तसंच आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एकात रफार, दुसऱ्यात तो आडवा अर्धा र, आणि फाँटमध्ये हा अर्धा र नीट काढलेला नसला तर स्वयंपाक करणारे आणि मठातले एकच होऊन बसतात.

आता अक्षराकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे आहे.

सरांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी बोरू धरायला लावला. देवनागरीच्या बोरूचा काप रोमनच्या कटनिबच्या उलट्या तिरक्याचा असतो. इंग्रजी ओ मध्ये जाडी वर उजवीकडे आणि खाली डावीकडे येते, आपल्या व च्या पोटात ती वर डावीकडे आणि खाली उजवीकडे येते. हे पुस्तकात वाचून कळतं पण हाताला कळायला बोरूच लागतो, गोल फिरवताना एका ठिकाणी रेघ आपोआप बारीक होते आणि पुढे आपोआप जाड, तेव्हा कळतं की ही जाडी कुणी सजावट म्हणून दिलेली नाहीये, ती हत्यारातून आलीये. एकदा व जमला की ब आणि क त्यातूनच निघतात, प वरून ष आणि फ, ट वरून ठ आणि ढ. अशी घराणी पाडून काम केलं की सगळी अक्षरं एकाच हातची वाटतात.

पण अक्षर एकटं सुंदर असून काही उपयोग नाही. सरांचा एक प्रश्न मला फार आवडतो. कुणीही पेपर दाखवायला नेला की ते विचारतात, "छान आहे गं, पण शब्दात बसवून बघितलंस का?" मी तेव्हापासून दोन शब्द कायम शेजारी लिहिते, पाणी आणि दरड. पाणी मध्ये प चा दंड, त्याला लागून काना, मग ण च्या उभ्या रेघा, मग वेलांटीचा दंड, सगळं काठ्यांच्या कुंपणासारखं उभं. दरड मध्ये दंड एकही नाही, तिन्ही अक्षरं शिरोरेषेला बारीक देठाने लटकलेली आणि खाली भरपूर पोकळी. दोन्ही शब्दांतल्या अक्षरांच्या बाजूला सारखीच जागा सोडली तर पाणी काळंकुट्ट दिसतं आणि दरड विरळ. म्हणून दंडाच्या बाजूची जागा वेगळी, द ट ड ह ची वेगळी, आणि दंडानंतर लगेच काना आला तर अजून वेगळा विचार. ही जागा मापाने ठरत नाही. प्रिंट काढायची, भिंतीला लावायची, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचं, कुठे डाग पडलाय आणि कुठे भोक, मग परत बसायचं. मला ह्यात तासन् तास जातात आणि ते तास मला हवेसे वाटतात.

पहिल्या वेलांटीचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. तिचा दंड अक्षराच्या आधी आणि वरची कमान पुढच्या अक्षराच्या दंडापर्यंत पोचायला हवी. रि ला ती आखूड लागते, णि ला लांब, ष्टि ला त्याहून लांब, आणि स्त्रि ला अजून वेगळी. एकच वेलांटी सगळ्यांना वापरली तर कुठे कमान मध्येच संपते, कुठे अक्षर ओलांडून पुढे जाते. म्हणून चांगल्या फाँटमध्ये पहिल्या वेलांटीच्या वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या काढून ठेवलेल्या असतात आणि समोर जे अक्षर येईल त्याप्रमाणे योग्य ती उचलली जाते. आता तुम्ही कुठलाही फाँट उघडा आणि शक्तिशाली लिहून बघा, कमान कुठे येऊन थांबते ते बघितलं की करणाऱ्याने किती मन लावलंय ते समजतं.

हे सगळं आधीच्या लोकांनी शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे एकेक अक्षर ओतलेल्या सुट्या ठशांत, कसं केलं असेल ह्याचा विचार करायला लागलं की थक्क व्हायला होतं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत १८६९ चा, तिथली अक्षरं राणोजी रावजी आरूंनी कोरली. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मला एक निर्णयसागरची जुनी पोथी मिळाली, कव्हर गेलेलं, पण आतली अक्षरं भिंगाखाली धरली तर एवढ्या बारीक आकारातसुद्धा भ ची गाठ बुजलेली नाही, ध चं पोट मोकळं आहे. शाई पसरणार हे धरूनच पोकळी मोठी ठेवलीये. डिग्री पद्धतीत अक्षर मध्ये, मात्रा वेलांट्या वरच्या तुकड्यात, उकार खालच्या तुकड्यात, असे सुटे खिळे जुळवत जायचं, अखंड पद्धतीत चिन्ह अक्षराबरोबरच ओतलेलं. खिळे शेकड्यांनी, आणि जुळाऱ्याला त्यातला प्रत्येक कुठल्या घरात आहे ते न बघता माहीत. लोकमान्य टिळकांनीसुद्धा खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली होती. बापूराव नाईकांचं टायपोग्राफी ऑफ देवनागरी, १९७१ चं, भाषा संचालनालयाने काढलेलं, लायब्ररीत मिळालं तर नक्की चाळा, ह्या सगळ्याचा एवढा तपशील दुसरीकडे एका जागी मिळणं कठीण आहे.

आणि र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, आयडीसीमध्ये, म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, शिकवायचे. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी फाँट त्यांचा. आपण रोज स्क्रीनवर बघत होतो त्या अक्षरामागे मराठी कवी होता ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आता 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्या गटाचे मुक्त, बलू, मोदक हे फाँट गूगलवर फुकट आहेत, मोदक तर मुद्दाम बघा, अक्षर एवढं गुबगुबीत आणि तरी आतली पांढरी फट अशी बारीक राखलीये की शब्द लगेच वाचता येतो.

आणि हो, मोडी. मोडी लिहिताना आधी पानभर ओळी आखून घ्यायचे आणि मग अक्षरं त्याखाली सलग लिहीत जायचे, हात उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. म्हणजे पानाचा लेआउट आधी आणि अक्षर मागून. मी सध्या ह्यावरच एक प्रयोग करतेय, बालबोधच्या, म्हणजे नेहमीच्या देवनागरीच्या, पानावर आधी फक्त शिरोरेषांचा ग्रिड आखायचा, बेसलाइनचा ग्रिड काढूनच टाकायचा, आणि इंग्रजी शब्द मध्ये आले तर त्यांनाही ह्या वरच्या रेघेशी जुळवून बसवायचं. इंग्रजीची कॅपिटल्स शिरोरेषेच्या जराशी वर गेली तर बरी दिसतात आणि बरोबर रेघेवर आणली तर खुजी, एवढं आत्तापर्यंत दिसलंय. आकडे अजून बसत नाहीयेत, ८ आणि ९ ना शिरोरेषा नसल्यामुळे ते ओळीत थोडे खाली घसरल्यासारखे वाटतात.

ळ वर वेगळं लिहायचंय. शाळा, डोळे, वेळ, कावळा, आपल्या मजकुरात तो पानोपानी येतो आणि कित्येक फाँटमध्ये शेवटी घाईत काढल्यासारखा दिसतो, दोन गोल एकमेकांत अडकून मध्ये काळा डाग. तुमच्याकडे जुन्या प्रेसच्या खिळ्यांचे नमुने असतील, ज्यात ळ मोठा छापलेला आहे, तर मला फोटो पाठवा, कुठल्या साली आणि कुठे छापलंय ते माहीत असेल तर तेही.