झहीरचे अर्धवट राहिलेले षटक

२१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीत भारताचा वेगवान गोलंदाज झहीर खान आपले चौदावे षटक अर्धवट टाकून लंगडत बाहेर गेला, तेव्हा मालिका हातची गेली असे मला दूरचित्रवाणीसमोर बसल्या बसल्या वाटले. इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर त्याने अवघ्या १८ धावा देऊन माघारी धाडले होते. त्या मालिकेत तो पुन्हा कसोटी खेळू शकला नाही आणि भारत ४-० असा हरला. मग ‘हा नेहमीचाच जायबंदी’ हे शब्द सर्वत्र ऐकू येऊ लागले. साडेतीन महिन्यांपूर्वीच याच गोलंदाजाने विश्वचषकात २१ बळी घेतले होते, हे जणू सगळे विसरले. मला ते शब्द आजही बोचतात.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय खेळपट्टीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोटा, गुडघा आणि कंबर यांना एका क्षणात पेलावा लागतो, आणि कसोटीच्या एखाद्या लांबलेल्या दिवशी हे शंभराहून अधिक वेळा घडते. झहीर तर चेंडू सोडण्यापूर्वी उंच उडी घेत असे. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला त्याने ९५ धावांत ५ बळी घेतले. मात्र हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या, दुखापतीमुळे ॲडलेडची पुढची कसोटी, जी भारताने जिंकली, त्याला खेळता आली नाही. अशा वेळी खेळाडू काय गमावतो, याची नोंद कोणत्याही धावफलकात होत नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते २००६ हे वर्ष. भारतीय संघातील जागा गेलेली असताना श्रीरामपूरचा हा गोलंदाज इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळला, त्याने चेंडू टाकण्यापूर्वीची धाव आखूड केली, वेगापेक्षा चेंडूवरील हुकमतीवर भर दिला आणि त्या हंगामात ७८ बळी मिळवले. शरीराचे म्हणणे ऐकून आपली गोलंदाजी नव्याने घडवणे मला केवळ वेगाने चेंडू टाकण्यापेक्षा कठीण वाटते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने सामन्यात ९ बळी घेऊन भारताला विजय मिळवून दिला.

त्याची शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ मधली, वेलिंग्टनची. न्यूझीलंडच्या मॅकलमने त्रिशतक ठोकलेल्या त्या डावात पस्तीस वर्षांच्या झहीरने ५१ षटके टाकली आणि ५ बळी घेतले.